बीरगाव : निरंक

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि मी रागावलेलो आहे. वस्तूंनी आपली कहाणी सांगताना थोडे हळवे व्हावे, अशी तुमची अपेक्षा असते. ते या वेळी मला जमणार नाही.

माझा जन्म कुठे झाला, ते मला ठाऊक नाही. मला कान आहेत, डोळे नाहीत. पहिला आवाज ऐकला तो रायपूरच्या सदर बाजारातला, स्कूटरच्या भोंग्यांचा. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती. शेखर नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतले, ते मुलीच्या शाळेसाठी. मुलीचे नाव देवश्री, इयत्ता तिसरी.

त्या शाळेने मला घडवले. अनुश्री मॅडमच्या वर्गात बत्तीस मुले होती आणि तास होता चाळीस मिनिटांचा. मॅडम प्रत्येकाला नावाने हाक मारत. "देवश्री, अब तुम बोलो. हम रुके हैं." आणि त्या खरोखरच थांबत. नेट अडखळले तरी थांबत. ज्या मुलाचा आवाज आला नाही, त्याला तास संपल्यावर फोन करत. मूल गप्प आहे म्हणजे त्याला सांगायचे काहीच नाही, असे त्यांनी एकदाही मानले नाही. मला वाटले, जगभर अशाच बैठका भरत असतील.

शाळा पुन्हा उघडल्या. शेखर म्हणाले, "पोट्टे, दे तो हेडफोन मले. तुले आता लागत नाही."

"पापा, आपके कारखाने में टूट जाएगा!"

"काहून तुटन? तो तं बोलाच्याच कामाले चालला."

शेखर रायपूरलगतच्या बीरगावातल्या एका लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात पर्यवेक्षक होते. कारखान्याचे मुख्य कार्यालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या चकचकीत इमारतीत गेले, आणि तेव्हापासून साहेब लोकांचे शेडमध्ये येणे थांबले. त्याऐवजी दर सोमवारी अकरा वाजता संगणकावर बैठक भरू लागली. चौदा माणसे आणि दोन तास.

त्या दोन तासांत काय होत असे? पहिली पंधरा मिनिटे "मेरी आवाज आ रही है?" आणि "आ रही है, सर" यांत जात. शेखरही दर वेळी तसेच विचारत. मग कोणीतरी पडद्यावर तक्ता उघडे आणि सर्वांना आधीच पाठवलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवी. मग बडे साहेब बोलत. मग पुन्हा बडे साहेब बोलत. बोलणाऱ्यांच्या यादीत बीरगावचा क्रमांक नववा, म्हणजे शेवटचा. तोवर एक वाजलेला असे.

बैठक चालवण्याचे आणि तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम नीलेशकडे होते. तो वाईट माणूस नव्हता. बैठक वेळेत संपवायची, एवढेच त्याला शिकवलेले होते. ती कशासाठी भरवायची, हे कोणी शिकवले नव्हते.

शेडमध्ये एक क्रेन होती. तिच्या पोलादी दोराच्या तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या आहेत, असे मी ऐकत होतो. त्या क्रेनखाली नत्थू सळ्यांचे गठ्ठे लावी. पंधरा वर्षे लावत होता. एका सकाळी तो येऊन म्हणाला, "भैया, डोरी टूटत हे."

"हव, पाह्यलं मी. सोमवारी बोलतो."

क्रेन दोन दिवस बंद ठेवायची तर परवानगी मुख्य कार्यालयाची लागे. शेखरांनी पत्रही पाठवले. उत्तर आले : हा विषय सोमवारच्या बैठकीत मांडावा.

पहिल्या सोमवारी नववा क्रमांक आलाच नाही. दुसऱ्या सोमवारी आला. पण शेखरांनी तोंड उघडताच माझ्यातून यंत्रांची घरघर पलीकडे गेली आणि बडे साहेब ओरडले, "ये किसका शोर है? बंद करो इसको!" नीलेशने तिकडून शेखरांचा आवाज बंद केला.

"कतका सोमवार, भैया?" नत्थूने हसत विचारले. अजून किती सोमवार, असा त्या हसण्यात टोमणा होता.

तिसऱ्या सोमवारी नीलेशने सुरुवातीलाच सर्वांचे आवाज बंद करून ठेवले होते. "बीरगांव से कुछ?" साहेबांनी विचारले. शेखर घाईघाईने बोलू लागले, "सर, क्रेन की रस्सी के तार निकल आए हैं..." मी एकेक शब्द नीट उचलला. तो कुठेच पोचला नाही. साहेब चार सेकंद थांबले. मी मोजले आहेत. "कुछ नहीं? चलिए, धन्यवाद."

सगळे गेले. नीलेश एकटा उरला, तेव्हा त्याने आवाज उघडला.

"नीलेशभाऊ, मी बोलून राहिलो होतो ना!"

"तुमच्याकडून मशीनचा लय आवाज येते, शेखरभाऊ. म्हणून बंद ठेवला. पुढच्या सोमवारी तुमचंच पहिलं, बस?"

"आन् इतिवृत्तात काय लिहिलं?"

"निरंक. काही तं लिहा लागते ना."

निरंक म्हणजे काहीही नाही. सांगण्यासारखे काही नाही, तक्रार नाही, धोका नाही. एका माणसाचे तोंड बांधायचे आणि मग कागदावर लिहायचे की तो काही बोललाच नाही! मित्रांनो, माझी वायर तेव्हाच जळायला हवी होती.

गुरुवारी दुपारी दोर तुटला. नत्थू वाचला, पण गठ्ठ्याखाली सापडलेल्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. शेखरांनी परवानगीची वाट न पाहता क्रेनला कुलूप घालायला हवे होते. ते त्यांना कळते. म्हणून माझा राग त्यांच्यावरही आहे.

चौथ्या सोमवारी शेखर लॅपटॉप आणि मला घेऊन रुग्णालयात बसले होते. बडे साहेब संतापले होते. "पहले क्यों नहीं बताया? यहाँ तो साफ लिखा है, बीरगांव निरंक!"

शेजारच्या खाटेवरून नत्थू म्हणाला, "मोला बोलन दे, भैया."

शेखरांनी मला त्याच्या डोक्यावर चढवले. पलीकडे नीलेशने, कोणी न सांगता, आवाज उघडला. शेखर दर वेळी जशी सुरुवात करत, तशीच नत्थूने केली. बैठकीत असेच बोलायचे असते, असे त्याला वाटले असावे.

"साहब, मोर आवाज आवत हे?"

चौदा माणसे होती. "आ रही है" म्हणायला एकही निघाला नाही. माझ्या कानांत फक्त कुणाच्या तरी पंख्याची घरघर आली. नत्थू थांबला, अनुश्री मॅडम थांबत तसाच, बराच वेळ. मग डाव्या हाताने त्याने मला उतरवले.

"नई जावत हे, भैया," तो म्हणाला.

जात होता, मित्रांनो. नत्थूचा आवाज स्वच्छ जात होता. मी स्वतः तो पोचवला होता.

आता दोर नवा आहे. तक्ते शनिवारीच पाठवून वाचायला सांगतात. बीरगावचा क्रमांक पहिला आहे. नीलेश प्रत्येकाला नावाने विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि बैठक चाळीस मिनिटांत संपते. म्हणजे हे सारे आधीही जमण्यासारखे होते. तिसरीच्या वर्गात जमत होते!

माझा डावा कान आता बंद पडला आहे, तोंडावरचा स्पंज फाटला आहे. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. वस्तू तुटतात, नव्या मिळतात. बोटे मिळत नाहीत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, अशा बैठका चालवाल, लेखणी तुमच्या हातात असेल. सर्वांत दूर बसलेल्या माणसाला आधी विचारा. तो गप्प असेल, तर त्याचे तोंड तुम्हीच तर बंद केलेले नाही ना, ते पाहा. आणि तोवर त्याच्या नावापुढे 'निरंक' लिहू नका, ती जागा कोरी राहू द्या.