मनोऱ्याचा ठराव

"बाजूने सात, विरोधात दोन," वर उठलेले हात मोजून परिषदेची अध्यक्ष विल्या म्हणाली आणि तिने आइमोकडे पाहिलं. "लिहितोस ना?"

आइमोचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. शाळेचा सुतारकामाचा वर्ग भुशाच्या आणि ओल्या बुटांच्या वासाने भरला होता. युवा परिषदेच्या नऊ मुलामुलींना मंगळवारी दुपारी तीननंतर हीच एक खोली मोकळी मिळे. आइमो हाक्कारायनेन हा कोर्पिसाल्मी पालिकेचा युवा अधिकारी, म्हणून परिषदेचं इतिवृत्त लिहिणं त्याच्याकडे. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. इतक्या वर्षांत त्याचं पेन असं अडलं नव्हतं.

त्याने लिहिलं : 'स्की-उडीचा मनोरा या हंगामानंतर बंद करावा. त्याच्या देखभालीची तरतूद लांबच्या गावांतल्या मुलांना संध्याकाळी घरी सोडणाऱ्या बसकडे वळवावी.' अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्याला जरा नवल वाटलं.

विरोधातल्या दोघांपैकी एली उठून उभा राहिला. पंधरा वर्षांचा काटकुळा पोरगा. मनोऱ्यावरून यंदा सगळ्यात लांब उडी त्याचीच होती.

"ज्यांनी जन्मात कधी उडी मारली नाही, त्यांनी हात वर केलेत," तो म्हणाला.

"एली, तुझं घर शाळेच्या मागे आहे," विल्या शांतपणे म्हणाली. "तू घरी जातोस, पोटभर खातोस आणि चालत परत येतोस. आमची बस तीन दहाला सुटते. तीन दहानंतर या गावात काय होतं, ते मला फक्त ऐकून माहीत आहे."

"म्हणजे माझं घर जवळ आहे, ही माझी चूक?"

"तसं कोण म्हणालं?"

एलीने टोपी कानांवर ओढली आणि तो निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लावलं. आइमोला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

बाकीची मुलं एकेक करून गेली. विल्या खुर्च्या उचलून बाकांवर उलट्या ठेवत राहिली. तिला घाई नव्हती, कारण तिची बस केव्हाच गेली होती.

"चल, सोडतो तुला," आइमो म्हणाला.

तिचं गाव हावाकोस्की अडतीस किलोमीटरवर होतं. मार्च अर्धा सरला होता, रस्त्याच्या दोन्ही कडांना लोटलेला बर्फ माणसाच्या उंचीचा होता.

"तू रागावला आहेस," दहा किलोमीटर गेल्यावर विल्या म्हणाली.

"गाडी चालवतोय."

"मनोरा तू बांधलास ना?"

"एकट्याने नाही. चाळीस माणसं होती."

खरं होतं ते. तीस वर्षांपूर्वी दोन उन्हाळे चाळीस माणसांनी श्रमदान केलं होतं. कुणी जंगलातून पाइनचे ओंडके दिले, कुणी ते सोलले, बायकांनी पातेली भरभरून वाटाण्याचं सूप आणलं. पण प्रत्येक तुळई कुठे बसायची याचा नकाशा आइमोने काढला होता, आणि दर पानगळीत वर चढून सैल झालेला एकेक बोल्ट तोच आवळत आला होता. दोनशेहून जास्त पोरं तिथे उडायला शिकली. या हिवाळ्यात मात्र अकरा होती.

"आधीच्या मीटिंगनंतर तुला कोण सोडत होतं?" त्याने विचारलं.

"कधी गणिताच्या बाई. कधी टपालाची गाडी. एकदा पुलापर्यंत दुधाचा टँकर, तिथून पुढे चालत." ती खिडकीबाहेर बघत होती. "आमच्या बाजूची अजून दोघं होती परिषदेत. त्यांनी सोडलं. दरवेळी कुणापुढे तरी तोंड वेंगाडायचा कंटाळा येतो."

हे आइमोला माहीत नव्हतं. त्या दोघांच्या राजीनाम्यांवर 'वैयक्तिक कारण' असं लिहिलेलं होतं, आणि ते त्यानेच फाइलला लावले होते.

"बस आली तर तू काय करशील?"

"ट्रम्पेट." तिने उत्तर इतक्या पटकन दिलं, की ते किती दिवस तयार होतं कोण जाणे. "बँडच्या सरांची शिकवणी चारला सुरू होते. हसू नकोस. मला खेळबिळ काही जमत नाही."

"हसलो नाही."

तिला दारात सोडून तो वळला, तेव्हा घड्याळात त्याने पाहिलं. जाऊन येऊन दीड तास. एका मुलीसाठी, एका दिवसाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मनोऱ्याखालच्या लाकडी खोलीत स्कींना मेण लावत बसला होता, तेव्हा रेयो कुओस्मानेन आत आला. रेयो पालिकेच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष. मनोरा बांधला तेव्हा तो लाकूड कंपनीत क्रेन चालवायचा. वरची शेवटची तुळई त्यानेच चढवली होती. तेव्हापासूनची मैत्री होती.

"पोरांनी बरा प्रताप केला की," तो बाकावर बसत म्हणाला.

"मत दिलं त्यांनी."

"मत द्यायला काय लागतं. हात वर केला की झालं. आपण लाकडं वाहिली तेव्हा यांच्या आयाही शाळेत होत्या." रेयोने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "हे बघ, म्हाताऱ्या, मला फार बोलता येत नाही. उद्या मंडळापुढे ठराव येतोय. तू एक ओळ लिहून दे. मुलांसमोर पुरेशी माहिती नव्हती. एवढंच. ठराव बाजूला पडतो, मनोरा राहतो."

आइमोचा हात थांबला. ती पळवाट रेयोने शोधलेली नव्हती, ती आइमोनेच लिहिलेली होती. बारा वर्षांपूर्वी तो मंडळाशी वर्षभर भांडला होता. मुलांना बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, सरबत पाजायचं आणि त्यांचा कागद खणात टाकायचा, हे त्याला बंद करायचं होतं. शेवटी नियम झाला : मुलांच्या विषयांवर परिषदेचा ठराव आला की मंडळाने त्यावर त्यांच्या समोरच मतदान घ्यायचं, आणि तो मागे पाठवायचा तर एकाच कारणाने. मुलांपासून माहिती लपवली गेली, असं युवा अधिकाऱ्याने लेखी दिलं तर. मोठ्यांनी पोरांना फसवू नये म्हणून ठेवलेलं कलम होतं ते.

"माहिती सगळी दिली होती, रेयो. मीच दिली. चार आठवडे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

"आपण पोरं होतो तेव्हा बस मागितली का कुणी? तू नऊ किलोमीटर स्की करत यायचास. नऊ जायचे, नऊ यायचे. अख्ख्या गावाला माहीत आहे ते."

आइमो पुन्हा मेण घासू लागला. रेयो उठला. दारात थांबून म्हणाला, "उद्या माझ्याकडे पाच मतं आहेत की चार, मला खरंच माहीत नाही. पण तुझी एक ओळ आली तर मोजायचीही गरज नाही."

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. सिर्काने ऐकून घेतलं. ती ग्रंथालयात काम करायची आणि माणसांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची तिला सवय होती.

"नऊ किलोमीटरचं रेयो खरं बोलला," ती म्हणाली. "तू ते भाषणातसुद्धा सांगतोस. मुलांना आवडतं."

"हं."

"हेल्लीचं मात्र कधी सांगत नाहीस."

हेल्ली आइमोची बहीण. त्याच्यापेक्षा वर्षाने मोठी. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. लहानपणी गोठ्यामागे बर्फाचा ढीग रचून दोघं उड्या मारत. हेल्लीची उडी त्याच्यापुढे दोन हात तरी जायची, आणि पडली तरी ती हसत उठायची. मग आइमो बाराचा झाला आणि कोर्पिसाल्मीच्या जुन्या टेकडीवर सरावाला जाऊ लागला. पाच वाजता गाईंच्या धारा काढायच्या असत. दोघांपैकी एकाला घरी राहणं भाग होतं, आणि ते कुणी राहायचं यावर त्या घरात एकदाही बोलणं झालं नाही. तो अंधार पडता पडता परत यायचा, तेव्हा ती गोठ्याच्या दारात बादली घेऊन उभी असायची. विचारायची, "किती?" तो उडीचा आकडा सांगायचा. ती मान हलवायची.

तिला काय हवं होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. पुढे ती दूध संघात लागली आणि चाळीस वर्षं तिथेच राहिली.

"सूप गार होतंय," सिर्का म्हणाली.

गुरुवारी चार वाजता मंडळाची बैठक भरली. लांब टेबलाभोवती नऊ सभासद, भिंतीलगत खुर्च्यांवर परिषदेची मुलं. एलीही आला होता. इतरांपासून एक खुर्ची सोडून बसला होता. विल्याने ठराव वाचला. सदतीस मुलांची नावं तिने जोडली होती : तीन दहाची बस पकडणाऱ्या सगळ्यांची, आणि प्रत्येकापुढे त्याला गावात काय करायचं आहे ते. पोहणं. बुद्धिबळ. अभ्यासाची शिकवणी. एका पहिलीतल्या मुलाने फक्त 'मित्राकडे खेळायला' असं सांगितलं होतं.

"युवा अधिकाऱ्यांचं निवेदन," रेयो म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

आइमो उभा राहिला. खिशात निवेदनाचा लिहिलेला कागद होता, तो त्याने काढला नाही.

"मुलांना सगळी माहिती दिली होती," तो म्हणाला. "मनोऱ्याची बाजू मी स्वतः मांडली. खरं तर जरा जास्तच मांडली. अधिकाऱ्याने इतकी ओढ दाखवू नये. दोन आठवडे मी त्यांना जुने फोटो दाखवत होतो. त्यांनी ते नीट बघितले, प्रश्न विचारले आणि मग ठरवलं. परत पाठवण्यासारखं यात काही नाही."

"आणि तुझं स्वतःचं मत?" टेबलाच्या टोकाकडून एका सभासद बाईंनी विचारलं. "तू तर तो बांधलास."

आइमोने टेबलावरची कॉफीची किटली जरा बाजूला सारली.

"मला तो राहायला हवा आहे," तो म्हणाला. "फार हवा आहे. पण ती माझी इच्छा झाली. तिला इथे मत नाही."

रेयोने हात वर करायला सांगितले. बाजूने पाच, विरोधात चार. रेयोचा हात चारांत होता. मुलांच्या खुर्च्यांतून कुणी टाळी वाजवली नाही. विल्याने फक्त श्वास सोडला. तो खोलीभर ऐकू आला. आइमोने परिषदेच्या इतिवृत्तात आकडे लिहिले, वेळ लिहिली आणि खाली सही केली.

त्यानंतर रेयो त्याच्याशी बोलला नाही. दुकानात समोर आला तर मान हलवून दुसऱ्या ओळीत जायचा. बर्फ वितळला, गावच्या तळ्यावरचा बर्फाचा थर काळा पडला आणि फुटला. मेच्या तिसऱ्या शनिवारी मनोरा उतरवायचं ठरलं. ठेकेदार मशिनने पाडून देतो म्हणाला होता, पण आइमोने नको म्हटलं. लाकूड चांगलं होतं. ओंडके तळ्यावरच्या पोहण्याच्या धक्क्याला आणि वाचलेले शाळेच्या सुतारवर्गाला जाणार होते. त्याने ग्रंथालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली : श्रमदान, सकाळी नऊ, हातमोजे आणावेत.

कोण येईल याचा त्याला अंदाज नव्हता. पंधरा-सोळा जण आले. सिर्काने सूप आणलं. विल्या आणि हावाकोस्कीची चार मुलं एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. एली सगळ्यात आधी आला होता. आइमोच्या पाठोपाठ तो वर चढला आणि पाना मागून घेतला.

"घट्ट आवळलेत," पहिल्या बोल्टशी झटताना तो म्हणाला.

"आवळायलाच हवे होते. त्यावरून तू उडत होतास."

एलीने बोल्ट काढून खिशात टाकला. मग म्हणाला, "ऑगस्टपासून मी योएन्सूला जातोय. तिथल्या क्रीडा शाळेत घेतलं मला. आईने फॉर्म भरला होता, मी सांगत नव्हतो."

"चांगलं आहे."

"तिथला मनोरा मोठा आहे."

"माहीत आहे," आइमो म्हणाला. "वारा डावीकडून येतो तिथे. लक्षात ठेव."

अकराच्या सुमारास खाली एक गाडी थांबली. रेयो उतरला. अंगात जुना कामाचा पोशाख होता, पोटावर ताणलेला. तो कुणाशी काही न बोलता सरळ पायऱ्या चढू लागला. मध्ये दोनदा थांबून त्याने दम घेतला. वर पोहोचला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. आइमो आणि एलीने नुकतीच सगळ्यात वरची तुळई सोडवली होती, ती तिघांच्या मध्ये आडवी पडली होती.

"क्रेन नाही आणलीस," आइमो म्हणाला.

"कंपनीने विकली ती कधीच."

रेयोने एलीला हाताने बाजूला केलं, वाकला आणि तुळईचं पायऱ्यांकडचं टोक धरलं.

"पुढे मी राहतो," आइमो म्हणाला. "उतारावर भार पुढच्यावर येतो. तुझा गुडघा."

"मला उतार शिकवू नकोस," रेयो म्हणाला. "उचल."

आइमोने मागचं टोक खांद्यावर घेतलं. दोघांनी पावलं जुळवली आणि एकेक पायरी उतरू लागले. मध्ये रेयोचा पाय जरा लटपटला तेव्हा आइमो थांबला. रेयोने खांदा बदलला, आणि ते पुन्हा उतरू लागले.