करडईच्या तेलाची पंगत

नवं करडईचं तेल बाजारात जायच्या आधी किशनरावांनी सेलूच्या आपल्या कारखान्यात पंगत ठरवली. घाण्यावरचे, पॅकिंगच्या बाया, विक्रीवाले सरमिसळ बसणार आणि भाकरीवर तेच तेल घेणार.

"बाबा, त्यापेक्षा मीटिंग घ्या ना," विक्री सांभाळणारी त्यांची लेक राजेश्री वैतागली.

"मीटिंगीत समदे गप बसतात, पोरी. जेवताना बोलतात."

त्या रात्री ते झोपेतच गेले.

महिन्याने राजेश्रीने ती पंगत बसवली. पॅकिंगची कडूबाई शेजारच्या विक्रीवाल्याला म्हणाली, "बाटलीचं झाकण गळायलंय की! तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई बा!"

गाडी भरणं थांबवून झाकणं बदलायचं तिथंच ठरलं. राजेश्रीने बाबांच्या रिकाम्या जागी भाकरी वाढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं काम मला जमावं, एवढंच वाटायचं. तुम्हाला कधी बोलले नाही."