ताटापुढची टोपी

मित्रांनो, कोकराच्या लोकरीची, निमुळत्या टोकाची, आता बरीच विटलेली अशी मी एक टोपी. ओस्टिया बंदरातल्या एका कारागिराने लोकर गरम पाण्यात रगडून मला घडवले. आमच्याकडे गुलामाची सुटका झाली, की त्याचे डोके भादरून त्यावर माझ्यासारखी टोपी चढवतात. हिवाळ्यात सॅटर्न देवाच्या सणात मात्र मालक आणि गुलाम दोघेही ती घालतात, एका पंगतीला जेवतात आणि चिठ्ठ्या टाकून घरातला एक राजा निवडतात. सण संपेपर्यंत त्याचा हुकूम कुणी मोडत नाही.

मी धान्याचे व्यापारी कार्मिनियस यांच्या घरी आले. त्यांचा आचारी ट्रोफिमस गुलाम होता. "पुढच्या वर्षी तुला मोकळा करतो," असे मालक त्याला दर वर्षी सांगत. त्या सणात राजाची चिठ्ठी त्याचीच निघाली आणि मी त्याच्या डोक्यावर बसले.

"महाराज, मालकांना हौदात बुडवा," पाहुणे म्हणाले. "गेल्या वर्षीच्या राजाने बुडवलं होतं."

"तो राजा मीच," दारवान पुटपुटला. "सण संपल्यावर जे फटके बसले, त्यांनी पाठ अजून ठणकतेय."

ट्रोफिमस म्हणाला, "माझा हुकूम साधा आहे. सण संपला की दुसऱ्या दिवशी, याच पाहुण्यांसमोर, मालकांनी मला शेजारी जेवायला बसवायचं."

"बस, इतकंच?" मालकांनी हसत हसत चुलीच्या देवांची शपथ घेतली.

सणातली पंगत ही गंमत असते. पण एरवी मालकाने पाहुण्यांदेखत गुलामाला पंगतीला बसवले, तर आमच्या रिवाजाने तो तिथल्या तिथे मोकळा होतो. दारू उतरल्यावर मालकांना हे आठवले.

सण संपला आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे झाडून सारे आले. कालचा राजा वाढायला उभा होता. मी त्याच्या कमरेच्या फडक्यात दडले होते. मालक मान वर करीनात. अखेर त्यांची म्हातारी आई म्हणाली, "पोरा, चुलीच्या देवांना दिलेला शब्द गिळणार का? मासा गार होतोय."

मालक हळूच बाजूला सरकले. "ये, बस. फसवलंस मला, लबाडा."

"मासा अळणी झालाय, मालक," ट्रोफिमस बसत म्हणाला. "आज मीठ टाकायचं भानच राहिलं नाही."

भादरलेल्या डोक्यावर मला मिरवत तो बंदरभर फिरला. ओझी वाहणारे हमाल थांबून त्याला वाट देत होते.

पुढे त्याने खाणावळ काढली, झोसिमाशी लग्न केले, आणि स्वतःच एक गुलाम आचारी विकत घेतला, हर्मा नावाचा. मी पेटीच्या तळाशी गेले. मला कसर लागली. तिथे पडल्या पडल्या ऐकू येई, "पुढच्या वर्षी, हर्मा. पुढच्या वर्षी नक्की." आवाज ट्रोफिमसचा होता. शब्द माझ्या ओळखीचे होते.

एका दुपारी झोसिमाने मला झटकले आणि नवऱ्याच्या ताटापुढे ठेवले.

"हे काय?"

"तुमचीच आहे. बघा घालून, अजून बसते का."

त्याने मला घालून पाहिले. वाढलेल्या केसांवर मी बसेना. बराच वेळ तो मला हातात फिरवत राहिला. मग भर खाणावळीत, गिऱ्हाइकांदेखत, त्याने आत हाक मारली, "हर्मा, ती पळी ठेव. इकडे ये, माझ्याशेजारी जेवायला बस."

आत पळी खणकन पडली.

मित्रांनो, आज मी हर्माच्या डोक्यावर आहे आणि अगदी बेतशीर बसते आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर झटका. आणि दिवस चांगले आले, म्हणून पेटीत ठेवू नका. तेव्हाच तर मला ताटापुढे ठेवा.