गादीखालची ओली फळी

सलग एकाहत्तर दिवस पाऊस वा बर्फ पडलेला नव्हता. छत कोरडे होते. त्या कोपऱ्यातून पाण्याची एकही नळी जात नव्हती. तरीही सकाळी गादी उचलली की तिच्याखालची फळी ओली असे.

मित्रांनो, ती फळी माझी. मी एक जुना ट्रेलर आहे, म्हणजे मोटारीमागे जोडून कुठेही ओढून नेता येणारे साडेआठ मीटर लांबीचे घर. माझ्यात एक पलंग, एक शेगडी, एक न्हाणी आणि सात खिडक्या आहेत. यांपैकी कशाचीही मला लाज वाटत नाही. लाज आहे ती त्या फळीची. आणि तिच्याविषयी मी जे मुकाट्याने होऊ दिले, त्याची.

माझा जन्म इंडियाना राज्यातील एका कारखान्यात झाला. तिथे एका पाळीत माझ्यासारखे अकरा ट्रेलर तयार होत, त्यामुळे जन्माचा सोहळा असा काही नव्हता. मागच्या बाजूला पलंगासाठी नऊ मिलिमीटर जाडीची फळी बसवली आणि तिच्याखाली बाहेरून उघडणारा एक कप्पा ठेवला, घडीच्या खुर्च्या आणि मासे पकडण्याचे गळ ठेवण्यासाठी. कप्प्याला थंडी अडवणारे अस्तर नव्हते. खुर्च्यांना कशाला हवे अस्तर, असे सर्वांना वाटले. मलाही वाटले.

पहिली सहा वर्षे मी एका शाळामास्तरांच्या कुटुंबाकडे होतो. दर पंधरवड्याला ते मला तलावाकाठी नेत, चार रात्री राहत आणि परतल्यावर कुलूप लावून अंगणात उभे करत. त्यांनी माझे फार कौतुक केले. सहा वर्षांत माझ्या फळीवर एक डागही पडला नाही. त्याचे श्रेय मी स्वतःकडे घेतले.

मुले मोठी झाल्यावर मास्तरांनी मला विकले. घेणारी ट्वायला गॉस नावाची एक विधवा होती. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडील पठारावर, पाइनच्या रानातील एका मुक्कामतळाची ती राखणदारीण होती. राहायला जागा फुकट, बदल्यात शौचालये धुवायची आणि येणाऱ्यांना सरपण विकायचे. तिला दुसरे घर नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात फळी ओली होऊ लागली. छत गळते असा तिने निष्कर्ष काढला आणि शिडी लावून तीन वेळा माझे सगळे सांधे लुकणाने बुजवले. तरी ओल थांबेना.

"गळका मेला!" ती माझ्या भिंतीवर मूठ आपटून म्हणे. "सगळी पुंजी तुझ्यात घातली रे मी!"

मी तिचे म्हणणे खरे धरले. ज्या वस्तूचे कामच मुळी माणसाला कोरडे ठेवणे, तिला याहून मोठी शिवी नाही. दुसऱ्या हिवाळ्यात गादीची खालची बाजू काळी पडली आणि ट्वायलाला खोकला लागला. तो गेला नाही. तिसऱ्या वर्षी तिने मला वर्ल हॅचर या जुन्या ट्रेलरांच्या विक्रेत्याला विकले. तिने त्याला खोटे सांगितले नाही. काहीच सांगितले नाही. तिला किंमत येणे भाग होते.

वर्लने गादी उचलली, "छे!" म्हणाला आणि ती फेकून दिली. मग फळीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि नवी गादी टाकली. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. खरे सांगायचे तर मला बरे वाटले.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, इलॉय टफोया आणि त्याची बायको नेडीन मला पाहायला आली. इलॉयने तीस वर्षे शाळेची बस चालवली होती, रोज त्याच अडतीस मैलांच्या रस्त्यावर, आणि त्याने अजून समुद्र पाहिलेला नव्हता. राहते घर विकायचे, कर्ज काढून मला घ्यायचे आणि उरलेले आयुष्य माझ्यातच राहून हिंडायचे, असा त्याचा बेत होता. घराला गिऱ्हाईकही होते. त्याला महिनाअखेरीपर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. नेडीन गावच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली होती. तिचे मत अजून बनलेले नव्हते, आणि मत बनण्याआधी ते सांगण्याची तिला सवय नव्हती.

वर्लही पूर्वी बसच चालवत असे. तो म्हणाला, "काय लेका इलॉय, तीस वर्षं लोकांची पोरं फिरवलीस. आता जरा स्वतःचं बूड फिरव की!"

"त्याचं फिरेल रे," नेडीन म्हणाली, "पण घर विकून माझंही फिरवायला निघालाय, त्याचं काय?"

"वहिनी, तीन आठवडे तुमच्या अंगणात उभा करतो. राहून बघा. नाही आवडला तर ओढून परत नेतो. फुकट."

"फुकट म्हटलं की मी आधी तळ बघते."

तिने माझी चाके पाहिली, सांधे पाहिले, छतही पाहिले. गादी मात्र उचलली नाही. नव्या गादीखाली कोण पाहतो?

मग मी त्यांच्या मातीच्या घराशेजारी उभा राहिलो. घरात ऊब असताना ती दोघे माझ्यात झोपू लागली. संध्याकाळी माझ्या शेगडीवर हिरव्या मिरचीचा रस्सा शिजे आणि दोघांचा वाद चाले.

"कर्ज बारा वर्षांचं, ट्रेलर नऊ वर्षांचा," नेडीन म्हणे. "दहाच्या वरच्याला निम्मे मुक्कामतळ आत घेत नाहीत. हप्ते भरायचे आपण, आणि उभं कुठे राहायचं?"

"फोटो पाठवला की घेतात गं. बघ तरी कसा दिसतो, नवरदेवासारखा!"

"आणि हा अर्ज? 'यात कायम राहणार आहात का' असं विचारलंय. होय म्हटलं तर कर्ज नाही."

"मग नाही म्हणायचं. राहायचा पत्ता म्हणून मुलीचा घातलाय मी. सगळे तेच करतात."

"सगळे करतात ते मला माहीत आहे. बँक का विचारते, ते मला माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी नेडीन घरात कॉफी करायला गेली असता इलॉयने पांघरूण शोधताना गादी उचलली. त्याने फळी पाहिली, दाराकडे पाहिले आणि निळ्या टॉवेलने फळी पुसून काढली. त्या दिवसापासून तो रोज अंथरूण आवरू लागला. मला बोलता येत नाही, मित्रांनो. पण येत असते तरी मी बोललो असतो असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती दोघे मला हवी होती. नवरदेव म्हणवून घेणे मला आवडले होते.

नवव्या दिवशी नेडीनने रस्सा वाढता वाढता विचारले, "चौतीस वर्षांत तू एकदाही अंथरूण आवरलं नाहीस. आता रोज आवरतोस. टॉवेल कशानं भिजतो?"

"सांडलं असेल काहीतरी."

"रोज? एकशे नव्वद ग्रॅम?"

इलॉयने चमचा खाली ठेवला. "तू टॉवेलचं वजन केलंस?"

"चार दिवस झाले. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

त्याने वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "गळतंय कळलं की तू नाहीच म्हणशील, असं वाटलं."

"गळत असेल तर म्हणेनच. पण गळतंय हे कुणी ठरवलं? तू? फळी ओली आहे एवढंच आपल्याला माहीत आहे. बाकी सगळं तू मनानं जोडलंस. आणि लपवलंस, ते वेगळंच."

"चुकलं माझं," इलॉय म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

पुढचे काम दोघांनी मिळून केले. नेडीनने केस वाळवायच्या यंत्राने फळी कोरडी केली. पुढे रोज सकाळी ओल टिपून झाल्यावर ती पुन्हा तशीच कोरडी करी. पहिल्या रात्री दोघे नेहमीसारखी झोपली. सकाळी टॉवेलने टिपलेले पाणी एकशे शहाऐंशी ग्रॅम भरले. दुसऱ्या रात्री माझ्या मागच्या बाजूवर छतापासून जमिनीपर्यंत ताडपत्री बांधली, म्हणजे बाहेरून थेंबही आत येऊ नये. पाणी एकशे एक्क्याण्णव ग्रॅम. तिसऱ्या रात्री नेडीन घरात झोपली, इलॉय एकटा माझ्यात. सत्त्याण्णव. चौथ्या रात्री दोघेही घरात झोपली. मला ऊब देणारी गॅसची भट्टी मात्र तशीच चालू ठेवली, ती धूर आणि वाफ बाहेर सोडते. सकाळी टॉवेल जसाच्या तसा कोरडा होता.

इलॉय वहीतल्या आकड्यांकडे पाहत राहिला. "म्हणजे हे पाणी आपलं?"

"आपलंच."

"मग खिडकी उघडी ठेवून झोपू."

ठेवली. ओल कमी झाली, पण पाच दिवस पुरणारी गॅसची टाकी अडीच दिवसांत रिकामी झाली आणि इलॉयला टोपी घालून झोपावे लागले. मग दोघे पुन्हा घरात झोपू लागली; नेडीनने फळीवर एकदाच मोजून पाणी शिंपडले, त्यावर गादी ठेवली आणि रोज पाहिले. फळी तिसऱ्या दिवशी दुपारी वाळली.

महिनाअखेरीची मुदत संपायला एक दिवस उरला असताना वर्ल आला. तो हसत म्हणाला, "अहो वहिनी, घाम प्रत्येक ट्रेलरला येतो! त्यात काय एवढं!"

नेडीनने गादी उचलली. तिने स्वयंपाकाचे उलथने घेतले आणि फळीवरचा पांढरा रंग खरवडला. खाली काळे निघाले. तिने आणखी खरवडले. तिथेही काळेच होते. वर्लने डोक्यावरची टोपी काढली.

"आधी कोण राहायचं यात?"

"ट्वायला. ट्वायला गॉस," तो म्हणाला. "खूप खोकायची. मला वाटलं, सिगारेटनं."

"ओढायची का ती?"

वर्ल टोपीची कड चाचपत राहिला. "नाही," तो म्हणाला.

आम्ही चौघे होतो आणि प्रत्येकाने काही ना काही झाकले होते, नेडीन सोडून.

इलॉयने अर्ज काढला. त्यावरचा मुलीचा पत्ता त्याने एकदा वाचला आणि कागद चार घड्या करून खिशात घातला. मग अंगणात जाऊन घराच्या गिऱ्हाइकाला फोन केला. "नाही, विकत नाही आम्ही," एवढेच मला ऐकू आले. आत आल्यावर त्याने बायकोकडे पाहिले नाही.

"समुद्र बघायचाय ना तुला?" नेडीनने विचारले. "मे महिन्यात जाऊ. हाच ट्रेलर वर्ल भाड्यानं देईल. दहा रात्री."

"दहाच?"

"दहा. आणि अंथरूण तूच आवरायचंस."

वर्लने मला परत नेले. फळी बदलली आणि काचेवर एक पाटी लावली: सुट्टीपुरता वापरा, कायम राहण्यासाठी नाही. त्याच दिवशी तो ट्वायलाचा पत्ता शोधायला बाहेर पडला. त्याने तिला काय सांगितले, ते मला माहीत नाही. तिने मला पुन्हा पाहायला यायला नकार दिला, एवढे कळले. पाटीमुळे माझी किंमत उतरली. ते योग्यच झाले.

मित्रांनो, ज्या घरात उरलेले आयुष्य काढायचे म्हणता, त्याची गादी सही करण्याआधी उचलून पाहा. आणि ओल दिसली तर ती पुसण्याआधी शेजारच्या माणसाला दाखवा.

आता कारण सांगतो. झोपलेली दोन माणसे रात्रभरात श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरहून अधिक पाणी बाहेर टाकतात. त्यातली काही वाफ गादीतून खाली उतरते. खालच्या उघड्या कप्प्यामुळे माझी फळी गार असते, म्हणून वाफेचे तिथे पाणी होते. ती फळी वाळायला तीन दिवस लागतात. मास्तरांचे कुटुंब चार रात्री राहून निघून जाई, त्यामुळे तिला ते तीन दिवस मिळत. ट्वायलाला जायला दुसरे घर नव्हते, त्यामुळे ते कधीच मिळाले नाहीत. छत गळत नव्हते.