न धुतलेली काठवट

डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा तेच म्हणाल्या. आतडं भरून येत नाहीये, कुठून तरी गव्हा-रायसारख्या धान्यातलं ग्लूटेन पोटात जातंय. ते थांबेपर्यंत बाळाची आशा धरू नका. औतीचे आधीच दोन गर्भ गळून गेले होते. तिनं घरी येऊन पुन्हा सगळी कपाटं उपसली. गहू, जव, राय यांना तीन वर्षांपूर्वीच घरातून निरोप दिलेला. लाटणंसुद्धा नवं. उरले तांदूळ, मका आणि आईचा ओटचा पाव. दर शनिवारी बसनं यायचा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, लेकरासारखा. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आईच्या दुधावरच घ्यायचा.

तरी शुक्रवारी ती न कळवता गावी गेली. तळ्यावरचा बर्फ काळवंडला होता. स्वयंपाकघरात भट्टी पेटलेली, आणि आई, हिल्का, कोपरापर्यंत पिठात, गुणगुणत,

‘ऊठ विरजणा, फूग विरजणा,
लेकीच्या दारी जा.’

बाजूला शुद्ध ओटची महागडी पिशवी. पण पीठ मळलं जात होतं पणजीच्या काठवटीत. काळ्या पावाची काठवट ती, रायच्या पिठाची. या घरात ती कधी धुवत नाहीत. खरवडतात, पालथी घालतात. लाकडाच्या रेषारेषांत पाव फुगवणारं शंभर वर्षांचं विरजण निजलेलं असतं.

“आई, यात मळतेस?”

“मग कशात? बादलीत? डुकरांचं आंबोण आहे का हे?” हिल्का हसली. “अगं, ओट दुकानात चष्मा लावून दोनदा वाचून घेते मी.”

“ओट चांगलेच आहेत. काठवट रायची आहे.”

“खरवडते की. राहिलं नखाएवढं तर राहिलं. तुझ्या पणजीनं झाडाची साल दळून खाल्ली, तिला नऊ झाली!”

औती वळली. फ्रिजवर तिनंच आणून दिलेलं दवाखान्याचं पत्रक होतं. ‘जुनी लाकडी भांडी वापरू नयेत’ या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. दोनदा ओढलेली, आईच्या हातची.

“तू वाचलं होतंस हे.”

पिठातले हात थांबले.

“वाचलं होतं. एकदा पाणीही तापवलं धुवायला. नाही झालं हातून.” हिल्कानं मान वर केली नाही. “विरजण मेलं असतं, पोरी. मग तुझ्या लेकीला मी काय देऊ? नुसतं लाकूड?”

औतीनं खुर्चीवरचा कोट उचलला. बटणं लावली.

“कोणत्या लेकीला, आई?”

दार लागलं.  हिल्का पुन्हा मळायला लागली. मळलेलं पीठ टाकून द्यायची त्या घराची रीत नव्हती.