सुनीतीकाकूंची हजेरी

सुनीतीकाकूंच्या घराचं दार पोलिसांनी फोडलं तेव्हा काकू बसने हॅरोला कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. परत आल्या तर दारात दोन पोलीस, शेजारीण रडवेली आणि त्यांचा मुलगा अंबरीश बर्मिंगहॅमहून निघून अर्ध्या रस्त्यात. काकूंनी पोलिसांना चहा विचारला आणि मग मला फोन केला. "नीना, मी सकाळीच मेल केली होती गं."

केली होतीच. ती आमच्या सर्व्हरच्या स्पॅममध्ये जाऊन पडली होती.

ही काय भानगड, ते सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळातली एकटी राहणारी वयस्कर माणसं रोज सकाळी नऊच्या आत मंडळाच्या एका ठरावीक पत्त्यावर मेल करतात. याला आम्ही हजेरी म्हणतो. मेल आली की मी सांभाळते त्या सर्व्हरवरच्या यादीतलं नाव आपोआप हिरवं होतं, तोवर लाल. नाही आली तर ज्याची पाळी असेल तो फोन करतो आणि फोन उचलला गेला नाही तर किल्ली घेऊन घरी जातो. त्या दिवशी काकूंची किल्ली ज्याच्याकडे होती तो पुण्याला लग्नाला गेला होता, म्हणून पोलीस. ही हजेरी सुरू केली काकूंच्या यजमानांनी, शशिधरकाकांनी. दोघंही डॉक्टर. काका जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि काकू भूलतज्ज्ञ. काका गेले आणि काकूंचं नाव त्याच यादीत आलं.

व्हॉट्सअ‍ॅप का वापरत नाही, असं मला सारखं कोणीतरी विचारतं. मंडळाचा ग्रुप एकदा उघडून बघा आणि त्या गुलाबाच्या फुलांच्या ढिगातून कोण जिवंत आहे ते शोधून दाखवा. पडल्यावर दाबून मदत मागायचं, गळ्यात घालायचं बटण असतं, तेही अंबरीशने आणून दिलं होतं. काकू म्हणाल्या, "घंटा बांधायला मी काय गाय आहे?"

तर त्यांची मेल. विषय रिकामा. आत एकच शब्द, "आहे." आणि पत्ता शशिधरकाकांनी हौसेने विकत घेतलेल्या घरच्या डोमेनवरचा, ज्याच्याकडे काका गेल्यापासून कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फिल्टरच्या जागी मी असते तर मलाही संशय आला असता. "काकू, दुसरा पत्ता घ्या ना, फुकट मिळतो," मी एकदा म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "या पत्त्यात दोघांची नावं आहेत." मग तो विषय मी पुन्हा काढला नाही.

नवीन दार बसत होतं त्या शनिवारी अंबरीश आईच्या स्वयंपाकघरात माझ्याशी बोलला. तो इथेच जन्मला आणि मराठी जिद्दीने बोलतो.

"लुक नीना, तू खूप मेहनत केला, आय अ‍ॅप्रिशिएट इट. पण अजून एक फॉल्स अलार्म झाला ना, तर आई बर्मिंगहॅमला येणार. दॅट्स इट. आमचा घर मोठा आहे."

काकू मटार सोलत होत्या. मान वर केली नाही. मी निघाले तेव्हा मात्र दारापर्यंत आल्या, त्या नव्या, अजून रंग न दिलेल्या दारापर्यंत. "मला इथेच राहायचंय," त्या म्हणाल्या. "तुला काय करता येतं ते बघ."

मला संताप आला. अंबरीशचा नाही, त्याचं काही चुकत नव्हतं. राग माझ्याच कामाचा. दिवसभर मी सिटीतल्या एका बँकेत मेलचे सर्व्हर सांभाळते. नायजेरियाचे राजपुत्र, अडकलेली पार्सलं असल्या फसव्या मेल दारातून हाकलायचा पगार घेते. आणि एका बाईने रोज पाठवलेला एक शब्द मला आत घेता येऊ नये? ही मेल पोचवल्याशिवाय गप्प बसायचं नाही, असं मी स्टॅनमोर स्टेशनच्या सिग्नललाच ठरवलं.

मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाका यांना एवढा खटाटोप पटेना. "अगं, ते व्हाइटलिस्ट का काय ते कर ना. सुनीतीच्या पत्त्यावरून येईल ते सगळं आत. दोन मिनिटांचं काम."

"नाही करणार."

"का पण?"

"काका, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही लिहू शकतं. उद्या काकू घरात पडलेल्या असतील आणि कोणा भामट्याने त्यांच्या नावाने मेल ठोकली, तर तुमच्या यादीत त्या हिरव्या दिसतील. तुम्ही निवांत."

"इतकं कुठे होतं?"

"रोज होतं. परवा तुमच्या नावाने मला गिफ्ट कार्डं मागितली होती."

"फार ताणतेस तू, नीना."

"ताणते," मी म्हटलं आणि विषय संपवला.

खरी लढाई झाली ती डोमेन विकणाऱ्या कंपनीशी. खातं शशिधरकाकांच्या नावावर, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. मृत्यूचा दाखला पाठवला, तो त्यांना सापडेना. पुन्हा पाठवला. मग काकूंनी स्पीकरवर फोन लावला आणि अनेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनना गप्प करणाऱ्या त्या आवाजात सांगितलं, की माझे पती वारले आहेत, हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा सांगते आहे आणि चौथ्यांदा सांगायची माझी इच्छा नाही. त्या दुपारी खातं उघडलं.

मग मी डीएनएसमध्ये तीन नोंदी घालायला बसले. डीएनएस म्हणजे डोमेनची जाहीर पाटी, जगातला कुठलाही सर्व्हर ती वाचू शकतो. पहिली नोंद सांगते, या घराची पत्रं कोणते पोस्टमन नेतील. दुसऱ्या नोंदीवरून पत्रावरची मोहोर खरी की खोटी ते कळतं. तिसरी सांगते, यातल्या कशानेही ओळख पटली नाही तर पत्र दारातूनच परत पाठवा. वाचायला सोपं आहे. पण पहिली नोंद घालून झाली तरी चाचणी नापास. पुन्हा केली, पुन्हा नापास. शेवटी दिसलं, की काकांनी कधीकाळी लिहिलेली जुनी नोंद खाली तशीच होती, आणि या कामाला दोन नोंदी असल्या की दोन्ही बाद धरतात.

"काकू, काकांची नोंद पुसावी लागेल."

त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. स्क्रीनवरची ती ओळ त्यांनी बराच वेळ वाचली, जरी त्यात आकडे सोडून काही नव्हतं. "पूस," त्या म्हणाल्या. "चुकीचं औषध चालू ठेवलेलं त्यांना खपायचं नाही."

तिसरी नोंद मी लगेच कडक केली नाही. आधी काही आठवडे नुसती पहाऱ्याला ठेवली आणि रोजचे अहवाल वाचले. अंबरीश विचारायचा, "अजून नाही झाला?" मी सांगायची, नाही झाला. काकूंची एकही खरी मेल अडत नाही आणि त्यांच्या नावाची एकही खोटी सुटत नाही अशी खात्री पटली, तेव्हाच दार लावलं. शिवाय मंडळाच्या फिल्टरला शिकवलं, की मोहोर खरी असेल तर विषय रिकामा असला तरी चालेल. आणि काकूंची किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मी घरून काम करत होते. उल्हासकाकांची पाळी होती. नऊ वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला.

"सुनीती लाल दिसतेय. फोनही उचलत नाही. पण नीना, तुझ्या सर्व्हरने आज तिच्या नावाची एक मेल परत पाठवलीय, असं इथे लिहून येतंय. तेच परत झालं ना?"

मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. खरंच, पहाटे काकूंच्या पत्त्याने एक मेल आली होती आणि माझ्या फिल्टरने ती हाकलली होती. तेवढ्यात अंबरीशचा फोन. उल्हासकाकांनी त्यालाही कळवलं होतं.

"सी? सेम थिंग. मेल आला आणि तुझा सिस्टिमने खाल्ला. ती बाथमध्ये असेल. प्लीज कोणी जाऊ नका, नेबर्सना परत त्रास नको."

मी गेले आणि काकू आंघोळ करून बाहेर आल्या, तर तो दुसरा फॉल्स अलार्म. काकूंचं घर गेलं आणि ते मी घालवलं. हे सगळं मला कळत होतं. मी पुन्हा त्या ओळी वाचल्या. मेल काकूंच्या सर्व्हरवरून निघालेली नव्हती. मोहोर नव्हती. विषयात पार्सल अडकल्याची थाप होती. जी आली ती काकूंची नव्हती, आणि काकूंची अजून आलीच नव्हती.

"अंबरीश, ती मेल आईची नाही."

"हाऊ शुअर आर यू?"

"मी निघाले आहे," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली उचलली.

शाळांची गर्दी संपत आली होती. तरी प्रत्येक सिग्नल मला लाल मिळाला आणि प्रत्येकाला मी शिव्या घातल्या. दार उघडून हाक मारली. उत्तर आलं ते जमिनीवरून.

काकू अभ्यासिकेच्या दारात पडल्या होत्या. टेबलावर चहा गार झाला होता, कॉम्प्युटर अजून सुरूही केलेला नव्हता. ओठ थंडीने निळसर, पण डोळे जागे.

"आलीस? मेल करायलाच निघाले होते." मग त्यांच्यातली डॉक्टर बोलायला लागली. "मला हलवू नकोस. पाय बघ कसा वळलाय, हिप गेलंय. पांघरूण आण. नाइन-नाइन-नाइनला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स मागव. सांग, शुद्धीवर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

मी सगळं केलं आणि मग त्यांचा हात धरून जमिनीवर बसले.

दुपारी हॉस्पिटलमध्ये उल्हासकाका आले. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मी त्यांना ती खोटी मेल दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला. "तुझं ऐकलं नसतं तर आज ती हिरवी दिसली असती," ते म्हणाले, "आणि मी पेपर वाचत बसलो असतो."

अंबरीश संध्याकाळी पोचला. चेहरा पांढराफटक. आधी मला म्हणाला, "मी तुला सांगितला होता, जाऊ नको." मग आईजवळ बसला. "आई, आता तरी बर्मिंगहॅमला चल. प्लीज."

काकूंनी त्याचा हात हातात घेतला. "तुम्ही दोघं सकाळी घरातून किती वाजता बाहेर पडता?"

"सातला."

"आणि येता?"

"सहा. कधी सात."

"मी तिथे पडले असते, तर आत्ता संध्याकाळी कुठे सापडले असते."

नर्स येऊन सलाइन बदलून गेली. मग अंबरीशने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"बाबांचा तो डोमेन. तो जास्तीत जास्त किती वर्षांसाठी रिन्यू करता येतो?"

"दहा."

"मग दहाचा कर."

"दहा?" काकू उशीवरून म्हणाल्या. "अरे, मला विचारा तरी."

मी तिथेच, त्यांच्या खाटेशेजारी बसून, दहा वर्षांचं करून टाकलं.