माडीवरून गेलेली वायर

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीवर एक वायर आडवी गेली आणि पंधरवड्याच्या आत दोन जुन्या दोस्तांचं बोलणं बंद झालं. वायर प्रियदर्शनीने टाकली होती, त्यामुळे निस्तरणंही तिच्याच गळ्यात आलं.

गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यातली. त्या टापूत इंटरनेट एकाच घरात होतं, लालासाहेबांच्या. लालासाहेब मूळचे कुंडलचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. फोन, मॉडेम, कॉम्प्युटर सगळं त्यांनी माडीवर गल्लीकडच्या खिडकीपाशी मांडलं होतं. बरोबर समोर दस्तगीरचाचांचं सतारींचं दुकान. चाचा स्वतः वर माडीवर कामाला बसत आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या मेल वाचायला त्यांनीही एक कॉम्प्युटर घेतला होता. मेल आली का बघायला मात्र त्यांना लालासाहेबांकडे जावं लागे. चाचांच्या मागच्या अंगाला प्रियदर्शनीचं घर. पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, दोन मशीनवर तिचा क्लास चाले.

क्लासची पोरं हळूहळू सांगलीला जायला लागली होती. तिथल्या क्लासमध्ये इंटरनेट होतं, हिच्याकडे नव्हतं. तिच्याकडे फोनही नव्हता. अर्ज करून नंबरात बसलेली होती, नंबर काही लागत नव्हता. तेव्हा तिने लालासाहेबांना गाठलं. एका घरातलं कनेक्शन वायरने तिन्ही घरांत वाटता येतं, तुमचं काही कमी होत नाही, असं समजावून सांगितलं.

"माझं कमी होत न्हाई ते कळलं," लालासाहेब म्हणाले, "पण मला वाढीव काय मिळतंय?"

"दस्तगीरचाचांबरोबर पत्ते."

लालासाहेबांचे गुडघे धरल्यापासून त्यांचं खाली उतरणं थांबलं होतं. त्याआधी वर्षानुवर्षं संध्याकाळचा डाव चाचांच्या दुकानाच्या पायरीवर पडायचा. कॉम्प्युटरमध्ये पत्त्यांचा एक खेळ होता. दोघांनी आपापल्या घरून खेळायचं, उरलेले दोन भिडू मशीन पुरवायचं. लालासाहेबांनी पुढचं काही विचारलं नाही.

वायर अशी गेली: लालासाहेबांच्या टेबलापासून खिडकीबाहेर, गल्लीवरून चाचांच्या माडीत, आणि चाचांच्या मागच्या भिंतीवरून क्लासमध्ये. दोन्ही टोकं बंद करायला पेनच्या टोपणाएवढं एकेक धातूचं बूच. या पद्धतीत गोम एकच, ती प्रियदर्शनीने दोघांनाही सांगून ठेवली होती. वायर मध्ये कुठेही सुटली तरी तिन्ही घरं बंद. गल्लीवर तिने मुद्दाम चांगला झोळ ठेवला होता, म्हणजे वाऱ्याने हलली तरी टोकाला ओढ बसू नये.

पहिल्या संध्याकाळी दोघं म्हातारे इंटरनेटवरून खेळतोय म्हणून खुशीत होते आणि खिडकीतून एकमेकांना ओरडून सांगतही होते.

"दस्तगीर, टाक की रं! झोपलास काय?"

"थांब रे, बाण सापडंना माझा. हां, घावला. घे!"

"फोन कवा मोकळा व्हायचा?" आतून आक्काताईंनी, लालासाहेबांच्या पत्नीने, विचारलं. "तासगावची बहीण माझी सकाळपास्नं फोन लावत आसंल. उचलला की नुसतं किर्रर्र वाजतंय."

"डाव संपू दे, मग बोल हवं तेवढं."

प्रियदर्शनीने जूनच्या पहिल्या सोमवारपासून इंटरनेटची बॅच जाहीर केली. सांगलीला गेलेल्यांपैकी चौघांनी परत येतो म्हणून कळवलं.

मग वायर सुटायला लागली.

सुटायची ती संध्याकाळी, ऐन डावात, आणि दरवेळी लालासाहेबांच्याच टेबलामागे. प्रियदर्शनी धावत यायची. तोंडाशी बसवलेला जोड वायरीवरून निघून आलेला असायचा. ती नवा जोड बसवायची आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. योगायोग असा की दर खेपेला लालासाहेबच हरत असायचे. हरणं तसं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण चाचांच्या मनात शंका यायला तेवढं पुरलं.

"गार्डसाहेबांनी लाल झेंडी दाखवली वाटतं," एके दिवशी ते खिडकीतून म्हणाले. "हरायला लागले की गाडी बंद."

"मी उपसली म्हणतोस? मी?"

"तुझ्याच टेबलामागं सुटते ना? माझ्याकडं तर कधी सुटली नाही."

लालासाहेबांनी खिडकी लावून घेतली. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात प्रामाणिकपणे उभा राहिलेला माणूस पत्त्याच्या डावात वायर उपसतो, हे ऐकून घेणं त्यांना जमणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रियदर्शनीला बोलावलं.

"पोरी, तुझ्यावर राग न्हाई माझा. पण ही वायर काढून घे."

"काका, सोमवारी बॅच सुरू होतीय. पोरांना शब्द दिलाय मी."

"आणि मला त्यो चोर म्हणतोय त्याचं काय?"

तिने टेबलामागे वाकून जोड पुन्हा पाहिला. वायर आपोआप निघत नाही हे तिला ठाऊक होतं. कुणीतरी ओढल्याशिवाय असा जोड उपसत नाही, आणि जोड लालासाहेबांच्या पायाशी होता. खरं सांगायचं तर तिलाही चाचांसारखीच शंका येत होती.

"रविवारी एक डाव खेळा," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी. पुन्हा सुटली तर मी स्वतः गुंडाळून नेते."

"खेळतो. पर आक्का माझ्या शेजारी बसंल. साक्षीला."

"मला बसायला येळ कुठाय?" आक्काताई म्हणाल्या, पण रविवारी शेंगांचं सूप घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि शेंगा फोडता फोडता त्यांच्या दोन्ही हातांवर नजर ठेवून राहिल्या. प्रियदर्शनी चाचांच्या माडीवर जाऊन बसली. वायर टाकल्यानंतर ती तिथे फिरकलीच नव्हती. काम निघायचं ते नेहमी पलीकडे.

चारी बाजूंना भोपळे टांगलेले, लाकडाचा आणि लाखेचा वास. चाचांना पानं उत्तम आली होती. ते बाण सावकाश फिरवत एकेक पान टाकत होते. पलीकडून बोलण्याचा आवाज नव्हता, फक्त शेंगा फुटत होत्या.

डाव अर्ध्यावर आला तसा वारा सुटला. खिडकीबाहेर वायर झोके खायला लागली. चाचांनी एकदा तिकडे पाहिलं. एक पान टाकलं. पुन्हा पाहिलं. मग अस्वस्थ होऊन उठले, खिडकीशी गेले आणि चौकटीच्या बाहेरच्या बाजूला हात घालून त्यांनी काहीतरी पिळलं.

पडद्यावर पाटी आली, की पलीकडचा खेळाडू उरलेला नाही.

"बघ!" समोरून लालासाहेबांचा आवाज गल्लीभर घुमला. "बघ रं दस्तगीर! हात लावला न्हाई मी!"

"न्हाई लावला!" आक्काताईंनी त्याहून मोठ्याने सांगितलं. "दोनी हात टेबलावर हायती!"

प्रियदर्शनी खिडकीतून बाहेर वाकली. चौकटीला शिसवी लाकडाची एक खुंटी बसवली होती. सतारीला असते तशीच, फक्त मुठीएवढी जाड, कातून गुळगुळीत केलेली, डोक्यावर नक्षीसुद्धा. तिच्या वायरचे त्या खुंटीवर चार-पाच वेढे बसले होते. गल्लीवरचा उरलासुरला झोळही आता संपला होता. वायर लाकडावर घट्ट बसल्यामुळे चाचांच्या बाजूला काही हलत नव्हतं. सगळी ओढ जात होती ती पलीकडे, लालासाहेबांच्या टेबलामागच्या त्या एवढ्याशा जोडावर.

"चाचा, हे काय?"

"खुंटी," चाचा म्हणाले. जणू विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. "ढिली होत होती बेटी. संध्याकाळी वारा सुटला की समोर झोके खाताना दिसायची. डावात लक्ष लागत नव्हतं. म्हणून रोज थोडी थोडी चढवत होतो. तार म्हटली की..."

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, वायरीवरून नजर पलीकडच्या खिडकीपर्यंत नेली.

"म्हणजे मीच?"

"तुम्हीच."

चाचा तसेच जिना उतरले, गल्ली ओलांडली आणि लालासाहेबांचा जिना चढले. मागोमाग प्रियदर्शनी.

"लाला, तू नाही, मी ओढत होतो," दारातच त्यांनी सांगून टाकलं. "चोर म्हणलो, माफ कर."

लालासाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "म्हंजे ह्यो डाव मी हरलो न्हाई."

"हरतच होतास."

"पुरा कुठं झाला?"

"आवं, शेंगा घ्या दोघं," आक्काताईंनी सूप पुढे सरकवलं आणि भांडण तिथेच संपलं.

अडचण मात्र संपली नव्हती. खुंटी काढतो, असं चाचांनी कबूल केलं. पण लोंबती वायर पुन्हा डोळ्यांसमोर आल्यावर हा हात किती दिवस गप्प बसेल, याची प्रियदर्शनीला खात्री नव्हती आणि चाचांनाही नव्हती. शेंगा खाता खाता तिने त्यावर तोड काढली.

"चाचा, खुंटी राहू दे. त्या खुंटीवर तुमची एक पोलादी तार ताणा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाहिजे तेवढी चढवा. माझी वायर तिच्याखाली कड्यांनी अडकवू, सैल. तुम्ही तुमची तार पिळा, माझ्या वायरीला हात लावायचा नाही."

चाचांचा चेहरा उजळला. तार त्यांनी अंधार पडायच्या आत ताणली, बोटाने छेडून पाहिली, कान लावला, पुन्हा पाव वेढा चढवला. प्रियदर्शनीने शिडीवर चढून घरच्या खिडकीच्या पडद्यांच्या कड्या एकेक करून ओवल्या आणि खाली वायर हवा तेवढा झोळ देऊन सोडली.

सोमवारी बॅचला सहा जण आले. दोन मशीनपुढे तीन-तीन जण दाटीवाटीने बसले. पहिलं पान उघडायला लागलं. चित्र वरून खाली, पट्टी पट्टीने उतरत होतं. बाहेर वारा चांगलाच सुटलेला होता. चित्र पुरं उतरलं, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि प्रियदर्शनीने टेबलाखाली घट्ट आवळलेली मूठ सोडली.

तेवढ्यात चाचांच्या कौलांवरून लालासाहेबांची हाक आली.

"प्रियदर्शनी! वायर सुटली काय बघ गं!"

ती मागच्या दारात आली. "नाही काका, चालू आहे!"

"नीट बघ की! सुटली आसंल!"

"काही सुटलेलं नाही!" चाचांचा खुशीतला आवाज आला. "टाक रे लाला पान, टाक!"